घोट कुठे गेला

मित्रांनो, या इस्पितळाच्या मागच्या कोठारात तुम्ही आलात, तर जुन्या खाटा आणि चाके निखळलेल्या खुर्च्या यांच्या पलीकडे तुम्हाला एक लांबट लोखंडी पलंग दिसेल. त्याच्यावर एक जाडजूड नळकांडे झुकलेले आहे, जणू कोणी वाकून झोपलेल्या मुलाकडे बघते आहे. ती मी. माणसाच्या शरीरातली हालचाल क्ष-किरणांनी दाखवणारी जुनी मशीन. बहरीनमध्ये माझे सगळे आयुष्य गेले आणि आता मी भंगारवाल्याच्या गाडीची वाट पाहते आहे. गाडी येईपर्यंत मला थोडे बोलायचे आहे.

तुमच्यापैकी कोणाचा हात मोडला असेल तर त्याने एक्स-रे काढलेला असेल. "हलू नको, श्वास धर," असे सांगतात आणि एक चित्र निघते. ते चित्र स्थिर असते. माझे काम वेगळे होते. माझ्यापुढे माणसाने हलायचे असे. गिळायचे, श्वास घ्यायचा, कूस बदलायची. माझ्या पोटातून किरण निघत, त्याच्या शरीरातून आरपार जात आणि वरचे नळकांडे ते झेलून पडद्यावर चित्र उमटवी. बरगड्या वरखाली होताना दिसत. काळीज धडधडताना दिसे. माणूस बोलत असला तर त्याची जीभ आणि जबडा कसा नाचतो तेही दिसे. बाहेरून अगदी शांत बसलेल्या माणसाच्या आत किती गडबड चाललेली असते, हे माझ्याइतके फार थोड्यांनी पाहिले असेल.

माझा जन्म एका थंड देशातल्या कारखान्यात झाला. तिथे मला जोडणारे लोक कमी बोलत. माझ्या आधीच्या पिढीच्या मशीनबद्दल मी तिथेच ऐकले. तेव्हा पडद्यावरचे चित्र इतके मंद असे की डॉक्टर आधी बराच वेळ लाल काचांचा चष्मा लावून बसत, डोळ्यांना अंधाराची सवय करून घेत आणि मग काळोख्या खोलीत त्या हिरवट उजेडाकडे टक लावून बघत. माझ्या वेळी तो त्रास संपला होता. माझे चित्र टीव्हीसारखे दिसे. खोलीतले दिवे जरा मंद केले की झाले.

जहाजातून मी मीना सलमान बंदरावर उतरले तेव्हा जुलै महिना होता. पेटीच्या फटीतून आत आलेली ती दमट, खारी हवा मला अजून आठवते. मला वाटले, इथे मी लवकरच गंजून जाणार. पण सनाबिसजवळच्या या इस्पितळात माझ्यासाठी थंडगार खोली तयार होती. दाराला शिशाचा पत्रा होता आणि दारावर लाल दिवा. तो दिवा लागला की बाहेरचे लोक आपोआप हळू आवाजात बोलत.

माझ्या खोलीतली पहिली माणसे आता नाहीत. कोणी आपल्या देशात गेले, कोणी देवाघरी. सर्वांत जास्त काळ माझ्याजवळ राहिली ती मला चालवणारी अरुणाताई. ती पुण्याहून आली तेव्हा तिची वेणी कमरेपर्यंत होती. आता केस कापलेले आणि पांढरे आहेत. मराठी मी तिच्याकडूनच ऐकली. गावाकडून इकडे नोकरीला आलेला कोणी घाबरलेला माणूस माझ्या पलंगावर आडवा झाला की ती विचारायची, "कुठले तुम्ही?" तो म्हणायचा, "गुहागर" किंवा "पाटण" किंवा "सावंतवाडी". तेवढ्यावरच त्याचे खांदे सैल पडत. ते मला पडद्यावर दिसत असे.

अरुणाताईच्या पायाखाली माझे पेडल असे. ते दाबले की मी माणसाच्या आत पाहू लागायची, सोडले की तो डोळा मिटायची. तिच्याइतक्या हलक्या पायाचे कोणी मी पाहिले नाही. कारण, मित्रांनो, माझा उजेड साधा नाही. तो दाखवतो आणि थोडी थोडी इजाही करतो. म्हणून माझ्याजवळ उभी राहणारी माणसे शिशाचा जड झगा घालत. नव्या मुलींना अरुणाताई सांगायची, "बघून झालं की पाय उचलायचा. मजा म्हणून बघायचं नाही. आपण कुणाच्या घरात डोकावतोय."

माझे कौतुकही पुष्कळ झाले. एकदा तान्हे बाळ आले होते. त्याच्या आतड्यात आतडे शिरून बसले होते आणि ते रडून रडून निळे पडले होते. डॉक्टरांनी नळीने हळूहळू हवा सोडली. मी पाहत होते. अडकलेले आतडे जरा जरा करत मागे सरकले आणि मोकळे झाले. बाळ एकाएकी गप्प झाले आणि झोपले. त्याची आई दाराबाहेर होती. तिने आत येऊन आधी बाळाला घेतले आणि मग माझ्या कडेवर हात फिरवला, गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा. पुढे माझ्यापुढे कितीतरी मोठी माणसे उभी राहिली, पण तो हात मी विसरले नाही.

मग दिवस बदलले. माझे चित्र धूसर होऊ लागले. उजळ जागी धुके आल्यासारखे दिसे. सुटे भाग मिळेनासे झाले. सीफ भागातल्या मोठ्या इमारतींमधल्या नव्या दवाखान्यांत नवी यंत्रे आली होती आणि त्यांची चित्रे म्हणे आरशासारखी. आमच्याकडेही नवे यंत्र येणार असे ठरले. माझ्या खोलीत आलेला प्रत्येकजण पडद्याकडे डोळे बारीक करून बघे आणि मान हलवी. "मशीन जुनी झाली," एवढेच म्हणत. त्यात वाईट वाटण्यासारखे काही नव्हते. खरेच होते ते.

याच दिवसांत शंभू आला.

शंभू गुहागरकडच्या एका खेड्यातला. इथे हॉटेलांचे कपडे धुवायला नेणारी गाडी तो चालवायचा. सनाबिसमध्ये एका खोलीत गावाकडची सात-आठ माणसे मिळून राहत, त्यांतला तो वयाने मोठा. एक दिवस गाडी उभी करून उतरताना त्याचा डावा पाय दुमडला आणि तोंड एका बाजूला वळले. पक्षाघात. जीव वाचला. हातपायही बरेच सुधारले. पण गिळणे बिघडले असेल अशी डॉक्टरांना शंका होती. माणूस गिळतो तेव्हा घशातले एक छोटे झाकण श्वासनलिका बंद करते आणि घास मागच्या अन्ननलिकेत जातो. हे झाकण चुकले की अन्नपाणी फुप्फुसांत जाते, तिथे कुजते आणि माणूस तापाने फणफणतो. हे बाहेरून दिसत नाही. म्हणून त्याला माझ्याकडे आणले.

अशा तपासणीत बेरियम नावाचे पांढरे औषध अन्नात कालवतात. पेल्यात ते दुधासारखे पांढरे दिसते, पण माझ्या पडद्यावर कोळशासारखे काळे उमटते. घोट कुठे गेला ते त्यामुळे कळते.

गिळण्याची तपासणी करणारी सुहा म्हणून एक बहरीनची मुलगी होती. बोलायला मोठी गोड. तिने शंभूला चमच्याने दही भरवले, मऊ बिस्किट भरवले, स्ट्रॉने पातळ औषध पाजले. प्रत्येक घोट सरळ अन्ननलिकेतून खाली गेला. मी नीट पाहिले. काही चुकले नाही.

"खलास! सब अच्छा," सुहा म्हणाली. अरबीत खलास म्हणजे झाले, संपले. शंभू खोलीवर गेला.

दोन आठवड्यांत तो परत आला, तापलेला, धापा टाकत. उजव्या फुप्फुसात पू झाला होता. वॉर्डात ठेवले, नर्सने चमच्याने आणि स्ट्रॉने खाऊपिऊ घातले, तो बरा झाला. खोलीवर गेला आणि पुन्हा तेच.

डॉक्टर महमुदा त्याच्यावर उपचार करत होत्या. हुशार आणि कडक बाई. दुसऱ्या वेळी त्या शंभूला घेऊन स्वतः माझ्या खोलीत आल्या. बरोबर संदेश होता. संदेश म्हणजे शंभूचा मावसभाऊ. जुफैरमधल्या एका हॉटेलात स्वयंपाकी. त्याच खोलीत राहायचा आणि शंभूचे सगळे तोच करायचा.

"तुम इसको क्या खिलाता है?" डॉक्टरांनी त्याला विचारले. "इधर रहता है तो ठीक, तुम्हारे पास जाता है तो बीमार. मछली देता है? काँटे वाला?"

संदेशचा चेहरा पडला. "नहीं डॉक्टर. चावल मिक्सर में पीस के देता हूँ. पेज. एकदम पतला." मग अरुणाताईकडे वळून तो मराठीत म्हणाला, "ताई, तुम्ही तरी सांगा यांना. भाताचा एक दाणा लागंल तर शपथ. हॉटेलात पाचशे माणसांना जेवण घालतो मी, आजवर कोणाचं पोट नाय बिघडलं. नी माझ्याच भावाला मी मारतोय म्हणं."

"तसं नाही म्हणत त्या," अरुणाताई म्हणाली. पण डॉक्टर तसेच म्हणत होत्या, हे सगळ्यांना कळत होते.

मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिले. "या मशीनला आता नीट दिसत नसेल. मागच्या वेळी तिच्याकडून निसटलं असेल," त्या सुहाला इंग्रजीत म्हणाल्या. "आज पुन्हा बघा. पण आज काही दिसलं नाही तरी माझा निर्णय झाला आहे. छाती खोटं बोलत नाही. पोटात नळी घालायची, त्यातून अन्न द्यायचं. तोंडाने काही नाही. आणखी एकदा असा ताप आला तर हा माणूस वाचणार नाही."

हे शंभूला हिंदीत समजावले गेले. तो माझ्या पलंगाला टेकवलेल्या खुर्चीत बसला होता. पलंग उभा केला होता आणि त्याची मान माझ्या डोळ्यासमोर होती.

"नळी घालून मग गावाला पाठवणार?" त्याने विचारले.

"हां शंभूभाई. गाडी चलाना तो अब मुश्किल है. घर जाओ, आराम करो," डॉक्टर म्हणाल्या.

 शंभू अरुणाताईला म्हणाला, "ताई, काल शेवंतीला फोनवर सांगितलं. ती बोल्ली, नळी तर नळी, तुम्ही या. बायको हाय, ती असंच बोलणार. पण घरात सगळी जेवायला बसतील नी मी कोपऱ्यात पोटाला पिशवी लावून त्यांच्याकडं बघत बसू? तोंडात घास नाय तर माणूस जेवला असं बोलायचं तरी कसं?"

 डॉक्टर बाहेर गेल्या.

अरुणाताईने संदेशच्या अंगावर शिशाचा झगा चढवला, कारण तो शंभूजवळ थांबणार होता. झग्याच्या वजनाने तो खाली वाकला.

"आई गं! ताई, हा घालून किचनात उभा राहिलो तर फोडणीचा चटका पण लागायचा नाय."

"उभा राहिलास तर ना," शंभू म्हणाला. त्या दिवशी तो तेवढेच हसला.

तपासणी सुरू झाली. अरुणाताईने पेडल दाबले, सोडले, दाबले. दही. बिस्किट. स्ट्रॉने पातळ औषध. मी माझे सगळे बळ एकवटून पाहिले. धुके होते, पण काळा घोट चुकण्याइतके नव्हते. जीभ मागे गेली, झाकण पडले, घोट अन्ननलिकेत उतरला. प्रत्येक वेळी. काहीच चुकत नव्हते, आणि त्याचा त्याला काहीच उपयोग होणार नव्हता.

सुहाने हातातली स्ट्रॉ खाली ठेवली. तिचे डोळे भरले होते. "खलास," ती हळूच म्हणाली.

"ताई," शंभू म्हणाला, "जरा पाणी मिळंल? तोंडाची पार चुन्याची भिंत झालीय."

"पाणी आत्ता नको दादा, बाहेर गेल्यावर बघू. हे थोडं पातळ उरलंय, हवं तर हे घ्या." अरुणाताईने उरलेल्या औषधाचा पेला त्याच्या उजव्या हातात दिला आणि सुहाला म्हणाली, "हाही घोट बघून घेऊ. एवढं केलंय तर."

तिने पेडल दाबले.

शंभूने पेला उचलला. तो ओठांपर्यंत आला नाही. वर गेला, कपाळाच्याही वर. शंभूची मान मागे पडली, तोंड उघडले आणि वरून पांढरी धार सुटली.

ते मी पाहिले. मान मागे टाकल्यामुळे घशाची वाट सरळ आणि उघडी झाली होती. काळी धार आली. झाकण पडायला हवे होते, पण आजाराने मंद झालेले ते झाकण धार आत गेल्यावर पडले. काळी रेघ अन्ननलिकेत गेली आणि तिची दुसरी फांदी, स्पष्ट, कोळशाने काढल्यासारखी, श्वासनलिकेत उतरली. खाली, खाली, उजव्या फुप्फुसापर्यंत.

आणि शंभू खोकलाच नाही. तुमच्या-माझ्या ओळखीचा कोणीही माणूस अशा वेळी ठसका लागून लाल होईल. पक्षाघाताने त्याच्या नलिकेची जाणीवच गेली होती. त्याने मनगटाने ओठ पुसले आणि म्हणाला, "हां. आता बरं वाटलं."

सुहा ओरडली, "बस! बस!" आणि तिने पेला काढून घेतला.

"काय झालं?" शंभू घाबरला.

अरुणाताई पडद्याकडे बघत उभी होती. तिचा पाय केव्हाच उचलला गेला होता. "दादा, तुम्ही खोलीवर पाणी असंच पिता?"

"मग कसं पिणार?" संदेशच बोलला. "तांब्या एक, माणसं आठ. तोंड लावून पिला तर उष्टा नाय का होणार? सगळी असंच पितात."

"मीही असंच पिते," अरुणाताई म्हणाली.  टेबलावर तिची पाण्याची बाटली होती. रोज दुपारी ती बाटली ती अशीच वर धरायची, ओठ न लावता, एक थेंब न सांडता. मी ते वर्षानुवर्षे पाहिले होते. "लहानपणापासून असंच पिते. म्हणून विचारायचं सुचलंच नाही मला. विचारण्यासारखं त्यात काही आहे असं वाटलंच नाही."

डॉक्टर महमुदांना बोलावले. नोंदलेले चित्र त्यांना पुन्हा पुन्हा दाखवले. चमच्याचा घोट, स्ट्रॉचा घोट आणि ती वरून आलेली धार.  मग संदेशकडे वळून म्हणाल्या, "माफ करना भाई. तुम्हारा खाना बराबर था." संदेशने मान खाली घातली आणि झग्याच्या बाहीने डोळे पुसायला गेला, पण झग्याला बाही नसते.

माझ्याविषयी डॉक्टर काही म्हणाल्या नाहीत. मशीनची माफी कोण मागते? जाताना मात्र त्यांनी पडद्यावरची धूळ बोटाने पुसली. मला तेवढे पुष्कळ झाले.

नळी थांबली, पण टळली नव्हती. डॉक्टरांनी एक महिन्याची मुदत दिली. हनुवटी खाली, पेला ओठांना, लहान घोट. एवढे जमले आणि छाती साफ राहिली तर ठीक. नाहीतर नळी आणि परतीचे विमान.

तुम्हाला वाटेल, यात अवघड ते काय? पण सुहाने लगेच सराव सुरू केला तेव्हा शंभूने रिकामा पेला हातात घेतला आणि परत दिला.

"नाय जमणार," तो म्हणाला.

"जमेल दादा. सवय मोडायला वेळ लागतो," अरुणाताई म्हणाली.

"सवयीचं नाय ताई." त्याने थोडे थांबून शब्द गोळा केले. तोंड वाकडे असल्याने त्याला बोलायला कष्ट पडत. "मी तांब्याला तोंड नाय लावणार, तर मग मला पेला वेगळा ठेवायला लागंल. व्हय ना? माझा बाप लोकांच्या बागेत कामाला जायचा. आंबे उतरवायला, नारळ पाडायला. त्याच्यासाठी पडवीच्या वाशाला कप टांगलेला असायचा. कान तुटका. चहा पिला की तो आपणच धुवायचा नी परत टांगायचा. मी लहान, त्याच्याबरोबर जायचो. मला बोलायचा, तू वरनं पी, ओंजळीनं पी, पण त्या कपाला हात नको लावू. तवापासनं मी वरनं पितो. कोणाच्या घरी, कोणाच्या भांड्यातनं, तोंड न लावता. आता इथं परमुलखात, माझ्याच माणसांच्या खोलीत, माझ्या नावाचा कप टांगू?"

  अरुणाताई त्या पडवीच्या कुठल्या बाजूला वाढली होती, ते मला माहीत नाही. मला माणसाची हाडे दिसतात, त्यापलीकडचे दिसत नाही.

सुहाला मराठी येत नव्हती. तिने विचारले तेव्हा अरुणाताईने हळूहळू, एकेक वाक्य करून सगळे सांगितले. सुहा ऐकत राहिली. मग म्हणाली, "माझ्या आजोबांच्या बैठकीत कहव्याचा, म्हणजे कॉफीचा, एकच पेला फिरतो. एक माणूस पितो, परत भरतात, दुसऱ्याला देतात. वेगळा पेला मागितला तर आजोबा रागावतात."

हे संदेशला सांगितल्यावर तो म्हणाला, "म्हणजे यांच्यात सगळेच उष्टं पितात नी आमच्यात कोणीच नाय. आता आमच्या खोलीनं काय करायचं?" मग तो शंभूपुढे उकिडवा बसला, अंगावर तो जड झगा तसाच ठेवून. "दादा, ऐक. तुझा पेला वेगळा नाय ठेवणार. तांब्या फक्त ओतायला. उद्यापासनं सगळ्यांना पेले. सगळे एका मापाचे, एका रंगाचे. तुझा कुठला नी माझा कुठला ते धुताना पण कळायचं नाय. नी जो वरनं ओतून पिईल त्यानं त्या दिवशी खोलीची भांडी घासायची."

"ती पोरं ऐकतील व्हय?"

"भांडी घासायची म्हटल्यावर? बापाचं नाय ऐकणार, पण हे ऐकतील."

 शंभूने हात पुढे केला आणि सुहाने पेला परत त्याच्या हातात दिला. "यल्ला, चलो, शंभूभाई," ती म्हणाली.

त्या महिन्यात माझी जागा घेणारे यंत्र येऊन पोचले. मोठमोठ्या पेट्या माझ्या दाराबाहेर उभ्या होत्या आणि मला खोलायला माणसे यायची होती. पण डॉक्टर महमुदांनी सांगितले, "आधी तो पेशंट. दोन्ही चित्रं एकाच मशीनवर हवीत. त्याशिवाय फरक कळणार नाही." म्हणून माझे काम एका सकाळपुरते लांबले. तेवढ्यासाठी मला धुऊन पुसून ठेवले होते.

शंभू आला. अंगावर थोडे मांस चढले होते. महिनाभरात ताप आला नव्हता. संदेशने पिशवीतून एक पेला काढला, साधा निळ्या काठाचा. "हा त्याचाच असंल असं नाय," तो म्हणाला, "हाताला लागला तो आणला."

दिवे मंद झाले. अरुणाताईने पेल्यात औषध ओतले आणि पायाची चप्पल काढून पेडलवर पाय ठेवला. असे तिने कधी केले नव्हते.

शंभूने पेला उचलला. मला आधी त्याच्या मनगटाची हाडे दिसली, मग पेल्याची कड. हात वर जाऊ लागला. ओठांच्या पुढे, नाकाच्या पुढे. सुहाने श्वास रोखला. इतक्या वर्षांच्या सवयीचा हात होता तो. आणि मग तो थांबला.  पेला खाली आला, हनुवटी खाली आली आणि पेल्याची कड ओठांना टेकली.

जीभ मागे गेली. झाकण पडले, वेळेवर. काळा घोट त्याच्यावरून घसरून मागच्या वाटेने गेला. पुढची वाट स्वच्छ राहिली. दुसरा घोट. तिसरा. श्वासनलिका रिकामी, पांढरी, धुतल्यासारखी.

"बस," अरुणाताई म्हणाली आणि पाय उचलला.

मग संदेशने डबा उघडला. मऊ भात, वरून वरण. सुहाने त्यात औषध कालवले तेव्हा तो म्हणाला, "पांढरं का होईना, वरण हाय ते." शंभूने चमचा बाजूला ठेवला आणि पाच बोटांनी छोटा घास केला. तोही नीट गेला. डॉक्टर महमुदा दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "नली नहीं चाहिए. घर भी जाना है तो खाना खाके जाओ."

शंभूने ते चित्र बघायला मागितले. त्याला पडद्यासमोर बसवले. आपलाच गळा, आपलाच जबडा, आपलाच घोट तो बघत राहिला. मग त्याने फोन लावला आणि पडद्यापुढे धरला.

"शेवंती, दिसतंय का काय?"

"काय दिसणार? काळं काळं कायतरी हलतंय," फोनमधून आवाज आला.

"तो मी. जेवतोय."

 शेवंती म्हणाली, "सावकाश जेवा. घाई नका करू."

ते माझे शेवटचे चित्र. दुसऱ्या दिवशी माझ्या तारा काढल्या.

मित्रांनो, नवी मशीन माझ्यापेक्षा कितीतरी चांगले बघते. तुमच्यापैकी जे कोणी तिच्याजवळ काम कराल, ते तिला जपा. तिच्यावर धूळ बसू देऊ नका. कामापुरतेच बघा आणि बघून झाले की पाय उचला. पण एक लक्षात ठेवा. तिच्यापुढे माणूस जे करेल तेवढेच तिला दिसेल. घरी तो कसा खातो, कसा पितो, हे तिला कोणीतरी विचारून सांगावे लागेल. ते विचारणे तुमचे काम आहे. जे तुम्ही स्वतःही रोज करता, तेच आधी विचारा. तिथेच नजर चुकते.

आणि तुमच्या घरी कोणी कामाला आले, दमून आले, परक्या मुलखातून आले, तर त्याला पाणी द्या. ज्या पेल्यातून तुम्ही पिता, त्याच पेल्यांतला एक द्या.